हेलिऑस ४४-२ आणि हाताने फोकस करायच्या इतर स्वस्त प्राइम लेन्स: डिजिटल कॅमेऱ्यावरचे अनुभव

कृष्णधवल

गेल्या दिवाळीनंतर मी हेलिऑस ४४-२ ही जुनी ५८ मिमी एफ/२ लेन्स (प्राइम, म्हणजे झूम नसलेली; एफ/२ म्हणजे ती जास्तीत जास्त किती उघडते त्याचा आकडा) साडेतीन हजार रुपयांना घेतली. ती सोनी ए६००० वर बसवण्यासाठी सातशे रुपयांचा एम४२ (या जुन्या लेन्सची आट्यांची बैठक) अडॅप्टर घेतला. पहिल्या तीन आठवड्यांत काढलेल्या दोनशेहून अधिक छायाचित्रांपैकी ठेवण्याजोगी जेमतेम नऊ निघाली, तेव्हा लेन्स विकून टाकण्याचे मनाशी पक्के केले. विकली नाही. आज किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर आलेली) कपाटात असते आणि हेलिऑस कॅमेऱ्यावर. मधल्या काळात ज्या चुका सापडल्या त्यांपैकी एखादीच लेन्सची होती, बाकीच्या माझ्या. हाताने फोकस करायच्या कोणत्याही लेन्सवर, मग ती जुनी असो वा नवी, त्याच चुका होतील असे वाटल्याने हा धागा काढत आहे.

ज्यांना ही लेन्स ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्ल झाइस येनाच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ या युद्धपूर्व लेन्सच्या रचनेवरून ही सोव्हिएत संघात बनवली गेली. चार गटांत सहा भिंगे, पूर्ण धातूचे अंग, जवळात जवळ अर्ध्या मीटरवर फोकस. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात बनणाऱ्या झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती लाखोंनी बाहेर पडली, त्यामुळे ती अजूनही मुबलक आणि स्वस्त मिळते. ए६००० सारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिचा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ८७ मिमी लेन्सइतका होतो, म्हणजे ती व्यक्तिचित्राची लेन्स ठरते.

माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सांगलीत घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. पहिले छायाचित्र मी त्यांचेच घेतले: एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर उघडे घड्याळ, बाजूने येणारा खिडकीचा उजेड. घरी येऊन संगणकावर पाहिले तर कानाजवळच्या कल्ल्यांचा पांढरा केस न् केस मोजता येत होता. डोळा, चिमटा आणि घड्याळ मात्र धुक्यात. मी लेन्सला दोष दिला. नंतर हिशेब मांडला तेव्हा कळले की, एक मीटर अंतरावर एफ/२ ला या सेन्सरवर स्वच्छ दिसणारा थर अवघा सुमारे २.४ सेंटिमीटर जाडीचा असतो. माणसाच्या बाहुलीपासून कल्ल्यांपर्यंतचे अंतर त्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे लेन्सने तिचे काम चोख केले होते, पण भलत्या जागी.

शोधत गेल्यावर सापडलेली कारणे अशी. व्ह्यूफाइंडरच्या कडेला डोळ्याच्या नंबरासाठी जे लहान चाक असते, ते बॅगेत घासून सरकले होते. ऑटोफोकसच्या काळात त्याचा उपद्रव जाणवला नाही, कारण निर्णय कॅमेरा घेत होता. आता निर्णय माझ्या डोळ्याकडे आल्यावर तो उघड झाला. ते चाक दृश्याकडे पाहून जुळवू नये. व्ह्यूफाइंडरमधील आकडे आणि अक्षरे रेखीव दिसेपर्यंत फिरवावे.

दुसरे कारण फोकस पीकिंग. कडांवर उमटणाऱ्या लाल-पिवळ्या ठिपक्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत होतो. पीकिंग अंतर मोजत नाही, ते चित्रातला कॉन्ट्रास्ट शोधते. चेहऱ्यावर सर्वांत ठळक कॉन्ट्रास्ट चष्म्याच्या दांडीला, मिशीला आणि कल्ल्यांना असतो, त्यामुळे तिथे रंग आधी उमटतो आणि आपण समाधानाने बटण दाबतो. आता मी पीकिंग केवळ जवळपास पोहोचण्यापुरते वापरतो आणि शेवटचा निर्णय चित्र मोठे करून घेतो. जुन्या लेन्सची कडी फिरवल्याचे कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे चित्र आपोआप मोठे होत नाही. त्यासाठी एक बटण नेमून द्यावे लागते. मी ते अंगठ्याखाली ठेवले आहे. मोठे केलेली चौकट थेट डोळ्यावर न्यावी. मधोमध फोकस जुळवून मग कॅमेरा वळवण्याची जुनी सवय इथे नडते, कारण एक मीटरवर कॅमेरा दहा अंश वळवला तरी फोकसचा थर सुमारे दीड सेंटिमीटर मागे सरकतो, आणि आपल्याकडे शिल्लक असते ती दोन्ही बाजूंना मिळून २.४ सेंटिमीटर.

तिसरे कारण मी स्वतः. उभा माणूस स्थिर नसतो, श्वासागणिक पुढेमागे डुलतो. फोकस जुळवल्यापासून बटण दाबेपर्यंत मी तेवढा थर ओलांडून पलीकडे गेलेलो असे. आता कोपर टेबलावर किंवा बरगड्यांना टेकवतो आणि कडी स्थिर ठेवून लागोपाठ तीन-चार छायाचित्रे घेतो; त्यांतले एक बसते.

कॅमेऱ्यात आधी एक गोष्ट करावी लागते, ती राहिली. माउंटवरचे विजेचे संपर्कबिंदू या लेन्सला नसल्याने कॅमेऱ्याला वाटते की लेन्सच लावलेली नाही, आणि तो छायाचित्र घ्यायला नकार देतो. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर उघडण्याची परवानगी द्यावी लागते. मी हे न कळल्याने पहिली पूर्ण संध्याकाळ अडॅप्टर काढण्या-घालण्यात घालवली.

इतरांनी आपले अनुभव, विशेषतः आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यांवरचे, लिहावेत अशी विनंती.

तिरकस

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. साडेतीन हजार अधिक सातशे, अधिक वाया गेलेले तीन आठवडे, असा जमाखर्च मांडला, तर थोडे पैसे साठवून ऑटोफोकसची ५० मिमी एफ/१.८ घेणे शहाणपणाचे नव्हते काय? ती डोळा शोधून देते, एफ/१.८ लाही पुरेशी रेखीव असते आणि तिला बुरशी लागलेली नसते. अडचणीतून आनंद मिळवण्याचा हा छंद मला पूर्ण समजलेला नाही.

कृष्णधवल

तिरकस, तुमचा मुद्दा मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पुतणीच्या वाढदिवसाला मी ही लेन्स नेत नाही. धावणारे मूल, रंगमंच, क्रिकेट, लग्नातले विधी यांसाठी ती घेऊ नये, आणि ज्याच्याकडे एकही प्राइम लेन्स नाही त्याने पहिली म्हणून ऑटोफोकसचीच घ्यावी, असे मीही सांगेन.

माझा लाभ निराळा आहे. अण्णांचे छायाचित्र घेताना मला आता आधी ठरवावे लागते की, रेखीव काय हवे: त्यांचा डोळा, चिमट्याचे टोक, की घड्याळातले बॅलन्स चाक. एफ/२ ला तिन्ही मिळत नाहीत. ऑटोफोकस माझ्यासाठी डोळा निवडत असे आणि मी तो विषय तिथेच सोडून देत असे. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा चिमट्याच्या टोकावर फोकस केला आणि अण्णांचा चेहरा मागे विरघळू दिला. ते छायाचित्र आता दुकानात लावले आहे. ऑटोफोकसनेही ते घेता आले असते, हे खरेच. माझ्या मनात मात्र आले नसते.

घाटवाट

माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे आणि घरी काकांच्या झेनिटवरची हीच लेन्स पडून आहे. बाजारात निकॉनसाठीचे एम४२ अडॅप्टर दोन प्रकारचे दिसतात, एक साधे आणि एक आत काच असलेले. कोणते घ्यावे? आणि कॅमेऱ्याला इजा तर होणार नाही ना?

शटरवाला

घाटवाट, यामागचे गणित समजले की निवड सोपी होते. प्रत्येक माउंटसाठी लेन्सची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातले अंतर ठरलेले असते. एम४२ साठी ते ४५.४६ मिमी आहे, निकॉन एफसाठी ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफसाठी ४४ मिमी, सोनी ई साठी १८ मिमी आणि फुजी एक्ससाठी १७.७ मिमी. कॅननचे अंतर एम४२ पेक्षा दीड मिलिमीटरने कमी असल्याने मधल्या फटीत पातळ कडी बसते आणि लेन्स दूरवर फोकस होते. मिररलेसवर, म्हणजे ए६००० सारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर, तर पावणेतीन सेंटिमीटरची मोकळी जागा मिळते, म्हणूनच तिथे जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स बसते. निकॉनचे अंतर मुळातच जास्त आहे, त्यामुळे लेन्स सेन्सरपासून हवी त्यापेक्षा दूर बसते, वर अडॅप्टरच्या कडीची जाडी. परिणाम असा की, ५८ मिमीची लेन्स दोन-तीन मीटरांच्या पलीकडे फोकसच होत नाही.

काचेचा अडॅप्टर ही अडचण दूर करतो, पण स्वस्त अडॅप्टरमधली ती काच लेन्सच्या दर्जाची नसते आणि एफ/२ ला चित्रावर दुधी पडदा आणते. माझे मत: बिनकाचेचा घ्या आणि लेन्स व्यक्तिचित्रे, फुले, हातातल्या वस्तू यांसाठीच ठेवा. डोंगर तिच्याने टिपता येणार नाहीत हे गृहीत धरा. इजा होत नाही.

निकॉनवाल्यांनी खरे तर निकॉनच्याच जुन्या लेन्सकडे पाहावे. एफ माउंट १९५९ पासूनचे आहे, आणि १९७७ नंतरच्या एआय व एआय-एस ५० मिमी लेन्स अडॅप्टरशिवाय बसतात, दूरवर फोकस होतात आणि वापरलेल्या बाजारात बेताच्या किमतीत मिळतात. डी५६०० वर त्या लावल्या की उजेड मोजणारा मीटर चालत नाही, केवळ एम मोड (सगळे हाताने ठरवायचे) उपलब्ध असतो. एक छायाचित्र घ्यावे, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहावा आणि शटर स्पीड सुधारावा. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका मात्र चालतो. निवडलेल्या बिंदूवर फोकस बसला की तो स्थिर पेटतो, आणि डी५६०० च्या लहानशा व्ह्यूफाइंडरमध्ये तुमच्या डोळ्यापेक्षा तो अधिक भरवशाचा आहे. डी७२०० सारख्या कॅमेऱ्यांत लेन्सची फोकल लांबी (मिमीचा आकडा) व अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारे पात्यांचे छिद्र) नोंदवता येते आणि मीटरही चालतो. एक सावधगिरी: १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या लेन्स डी७२०० सारख्या कॅमेऱ्यांवर जोराने बसवू नयेत, कारण लेन्सची मागची कडा माउंटजवळची मीटरची खिट्टी मोडू शकते. डी५६०० वर ती खिट्टीच नसल्याने हा धोका नाही. साधा कॅमेरा इथे मजबूत ठरतो.

घाटवाट

मनःपूर्वक आभार. आणखी एक: आरशाच्या कॅमेऱ्यात मला एफ/२ आणि एफ/२.८ यांत व्ह्यूफाइंडरमधून काहीच फरक दिसत नाही. डोळ्यांची तपासणी करून घ्यावी काय?

शटरवाला

डोळे ठीक असावेत. ऑटोफोकसच्या काळातल्या कॅमेऱ्यांतील पडदे उजळ दिसावेत म्हणून बनवलेले असतात, आणि त्यांवर साधारण एफ/२.८ पेक्षा उथळ फोकस दिसतच नाही. जुन्या झेनिट-पेंटॅक्सवर फोकस सोपा वाटायचा तो भरड दुधी पडद्यामुळे, आणि काही कॅमेऱ्यांत मधोमध दुभंगलेली प्रतिमा दाखवणारे वर्तुळही असायचे. तेव्हा डी५६०० वर स्थिर विषयासाठी लाइव्ह व्ह्यू सुरू करून चित्र मोठे करावे, हलत्या विषयासाठी हिरवा ठिपका पाहावा.

पाऊलखुणा

इथवर सगळी चर्चा एफ/२ च्या पातळ थराभोवती फिरते आहे. मी उलट टोकावरून लिहितो. माझ्याकडे फुजीवर ७आर्टिझन्सची २५ मिमी एफ/१.८ आहे, नवी, लहानशी, धातूची, पूर्णपणे हाताने चालणारी. पालखीबरोबर दिवेघाट चढताना मी दोन वर्षे केवळ हीच लेन्स वापरली आणि फोकसच्या कडीला दिवसभर हात लावला नाही.

हिशेब असा आहे. २५ मिमी, एफ/८, आणि लहान सेन्सर: कडी चार मीटरांवर ठेवली की सुमारे दोन मीटरांपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे रेखीव येते. सकाळीच कडी तिथे ठेवायची आणि कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकायचा. मग समोर टाळ उंचावलेला वारकरी असो, तुळस डोक्यावर घेतलेली बाई असो वा घाटाच्या वळणावरची संपूर्ण दिंडी, कॅमेरा उचलला की शटर त्याच क्षणी पडते. पताकेवर, पावसाच्या धारांवर, मध्येच आडव्या आलेल्या छत्रीवर ऑटोफोकस जाऊन अडकतो. इथे अडकायला काही नसतेच. अट एकच: दोन मीटरांच्या आत कोणी आले की छायाचित्र सोडून द्यायचे किंवा दोन पावले मागे सरकायचे. हे अंतर डोळ्यात बसावे म्हणून मी आठवडाभर घराच्या गच्चीवर कुंड्या मांडून पावलांनी मोजत असे. शेजाऱ्यांनी बागकामाचा नवा प्रकार समजून चौकशीही केली.

३५ मिमी असल्यास थोडे कमी मिळते. एफ/८ ला तीन मीटरांवर ठेवल्यास साधारण २.२ ते ४.९ मीटरांचा पट्टा. रस्त्यावरच्या छायाचित्रणाला तो पुरतो.

जुन्या लेन्सवर अंतराशेजारी जी फोकसच्या खोलीची पट्टी कोरलेली असते, ती ३५ मिमी फिल्मच्या मानाने आहे. लहान सेन्सरवर चित्र अधिक मोठे केले जाते, त्यामुळे एफ/८ वापरत असाल तर पट्टीवरचे एफ/५.६ चे खुणांकन पाहावे. मी पहिल्या वर्षी ते पाळले नाही आणि लांबची सगळी पताका-गर्दी किंचित मऊ आली.

ओली_खिडकी

रत्नागिरीहून लिहिते आहे, म्हणून विषय अर्थातच बुरशी. जुनी लेन्स घेणाऱ्याने मोबाइलचा टॉर्च मागून भिंगात मारून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, तिरक्या कोनातून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा नेच्याच्या पानासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. काचेवर सर्वत्र सारखा धुरकटपणा दिसला तर ते बहुधा उडून बसलेले वंगण. धुरकटपणा साफ होऊ शकतो. बुरशीही साफ होते, पण फार दिवस राहिली असल्यास काचेवरचा लेप कोरून गेलेली असते आणि तो डाग कायमचा राहतो. समोरच्या काचेवरच्या एखाद्या बारीक चरेला मात्र घाबरू नये. ती चित्रात दिसत नाही, आणि तिच्या नावाखाली किंमत कमी करून घेता येते.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात, आणि त्यातही चामड्याच्या मूळ डब्यात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. मी हवाबंद झाकणाचा धान्याचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र वापरते, आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखते. जेलचा रंग बदलला की पसरट तव्यावर अगदी मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावे. तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नये. कोरडेपणाच्या नादात आकडा फार खाली नेऊ नये, अशाने वंगण आणि रबर वाळते. उन्हाळ्यात लेन्स महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरणे हाही उपायच आहे.

नेकारकाठ

श्टुटगार्टजवळ राहतो. इथल्या जुन्या बाजारांत एम४२ लेन्स टोपलीत ढीग घालून विकायला असतात. त्यांतून मी ५० मिमी एफ/१.४ ची सुपर-टाकुमार घेतली आणि घरी आल्यावर पाहतो तर चहातून पाहिल्यासारखे सगळे पिवळे. त्या लेन्सच्या सात भिंगांच्या आवृत्तीत एका भिंगात थोरियम असते आणि काळाबरोबर ती काच पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही आठवडे ठेवल्यावर बराचसा पिवळेपणा गेला. कॅमेऱ्यावर ती वापरण्यात चिंतेचे कारण नाही, पण तिचे भिंग सुटे करून डोळ्याला लावण्याचा खेळ करू नये. खिडकीत उन्हात ठेवणाऱ्यांनी मागच्या बाजूला झाकण लावावे. ते भिंग आहे, पडदा जाळू शकते.

मधली_ओळ

नवशिकी आहे. ४४-२ वर दोन कड्या का आहेत? मी पुढची फिरवली तर काहीच होत नाही, मागची फिरवली तर पाती बंद होतात. आणि माझी लेन्स दूरच्या खुणेपर्यंत पूर्ण फिरवली की डोंगर उलट धूसर होतो. लेन्स बिघडलेली आहे काय?

कृष्णधवल

मधली ओळ, लेन्स ठीक आहे. पुढच्या कडीवर खटके आहेत. तिच्याने किती बंद व्हायचे ते आधी ठरवून ठेवायचे, समजा एफ/४. मागची बिनखटक्याची कडी मग केवळ एफ/२ आणि एफ/४ या दोन टोकांमध्ये सरकते. फिल्मच्या काळात पूर्ण उघड्या लेन्सवर उजळ पडद्यात फोकस जुळवायचा आणि डोळा न काढता कडी थांबेपर्यंत फिरवून छायाचित्र घ्यायचे, अशी ही सोय होती. मिररलेसवर पुढची कडी एफ/१६ वर ठेवून दिली की मागची कडी मोकळेपणाने कुठेही नेता येते. ४४एम-४ सारख्या नंतरच्या आवृत्त्यांत हा प्रकार नाही. त्यांच्या मागे एक टोचणीसारखी पिन असते, आणि ती दाबून धरणारा अडॅप्टर नसेल तर पाती उघडीच राहतात. त्या घेणाऱ्यांनी अडॅप्टर पाहून घ्यावा.

डोंगराचे कारण अडॅप्टर आहे. स्वस्त अडॅप्टर बहुधा मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, म्हणजे लेन्स दूरवर नक्की पोहोचते; पण त्यामुळे दूरची खरी जागा खुणेच्या थोडी अलीकडे येते आणि कडी टोकाला नेली की ती पलीकडे निघून जाते. दिवसा एखाद्या दूरच्या मनोऱ्यावर चित्र मोठे करून खरी जागा शोधा आणि कडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. रात्री चांदण्या टिपताना तो उपयोगी पडतो. आणखी एक, ए मोडमध्ये (शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) कॅमेऱ्याला लेन्सची फोकल लांबी ठाऊक नसते, त्यामुळे तो माझ्याकडे शटर १/६० वर थांबवत असे आणि हात हलून निम्मी छायाचित्रे बिघडत. एम मोड, १/१२५ किंवा त्याहून जलद, आणि आयएसओ स्वयंचलित, ही मांडणी मला सर्वांत निर्धोक वाटली. ज्यांच्या कॅमेऱ्यातच कंपनरोधाची सोय आहे त्यांनी मेनूत ५८ हा आकडा स्वतः भरावा.

तिरकस

मी थोडा नमतो. मित्राची ४४-२ उसनी घेतली. पण जिच्यासाठी ही लेन्स प्रसिद्ध आहे, ती मागच्या पानांची भोवऱ्यासारखी फिरकी मला एकाही चित्रात दिसली नाही. समोर उजेड असला की सगळे चित्र फिकटही होते.

कृष्णधवल

फिरकी चित्राच्या कडेला असते, आणि तुमचा सेन्सर लहान असल्यास तीच कड कापली जाते. लेन्सच्या नळीची कड तिरक्या किरणांचा काही भाग अडवते, त्यामुळे मध्यभागी गोल दिसणारे प्रकाशाचे ठिपके कडेला डोळ्याच्या आकाराचे होतात, आणि ते सगळे केंद्राभोवती वळलेले असल्याने घुमल्याचा भास होतो. फुल फ्रेमवर तो ठळक असतो. लहान सेन्सरवर हवा असेल तर एफ/२ ठेवावे, व्यक्ती मीटर-दीड मीटरवर उभी करावी आणि मागे काही मीटरांवर उजेड झिरपणारी दाट पाने असावीत. आंब्यापेक्षा चिंचेखाली अधिक चांगली येते, पाने लहान आणि भोके पुष्कळ. सपाट भिंतीपुढे काहीच दिसणार नाही. खरे सांगायचे तर सहा महिन्यांनी त्या फिरकीचा कंटाळा येतो.

फिकटपणा हा मात्र लेन्सचा खरा दोष आहे. जुना लेप आजच्यासारखा नाही. रबरी हूड (बाजूचा उजेड अडवणारी, लेन्सच्या तोंडाला लावायची नळी) लावा, आणि अडॅप्टरच्या आतली भिंत चकचकीत असल्यास तिथे काळा मखमली कागद चिकटवा. त्याने माझ्याकडे हूडइतकाच फरक पडला.

मधली_ओळ

हूड कोणत्या मापाचे घ्यावे? आणि माझी फोकसची कडी फार जड फिरते, दोन बोटांनी हलत नाही. घरी तेल सोडले तर चालेल का?

कृष्णधवल

४९ मिमी.

तेल कृपया सोडू नका. माझीही कडी अशीच जड होती आणि मी अण्णांकडे घड्याळाचे तेल मागितले, तर त्यांनी बाटली मागे सरकवली. ते तेल इतके पातळ असते की, दोन उन्हाळ्यांत वाहत जाऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर बसते आणि पाती चिकटतात. त्यांनी लेन्स ठेवून घेतली. रविवारी दुकान बंद असताना उघडली, पण आट्यांचे दोन भाग एकमेकांतून सुटण्याआधी डोळ्याला भिंग लावून, सुईच्या टोकाने दोन्ही भागांवर एकच आडवी रेघ मारली. त्या आट्यांना सुरुवातीची तोंडे अनेक असतात आणि चुकीच्या तोंडातून जोडले की लेन्स बसते, फिरते, पण दूरवर फोकस होत नाही; हे त्यांना लेन्सविषयी काहीही न वाचता, नुसते आटे पाहून कळले. तपकिरी, मेणासारखे घट्ट झालेले जुने वंगण काडीने खरवडून, पेट्रोलने पुसून काढले आणि तांदळाच्या दाण्याएवढे नवे, जाड ग्रीस लावले. तुमच्या गावातल्या घड्याळवाल्याला विचारून पाहा. मी दाराशी उभा राहून त्यांची छायाचित्रे घेत होतो, अर्थात किट लेन्सने.